अडीच किलोचं आईपण

आमच्या सूनबाई बँकेत आहेत, त्यामुळे त्यांना आकड्यांशिवाय करमत नाही. परवा त्यांनी नातवाच्या वजनाचा आलेख मोबाइलवर काढून मला दाखवला. रेघ छान चढत गेली होती आणि शेवटी जराशी खाली वळली होती. सूनबाईंचा चेहराही तेवढाच खाली वळला होता. मला हसू आलं.

"आई, यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही गं," मी म्हटलं. पण नातू सोडतो होय? त्याला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की हिंदीत पळतो. "दादी, बताओ ना, क्यों हँसी?"

आता सांगायचं म्हणजे माझ्या छत्तिसाव्या वर्षात जावं लागतं, आणि त्या वर्षातल्या मला भेटायला मला फारसं आवडत नाही. फार शहाणी बाई होती ती.

तेव्हा हे जबलपूरच्या एका निवासी शाळेत फिजिक्स शिकवायचे. शाळेने त्यांना मुलींच्या एका हाउसचं हाउस-पेरेंट केलं. म्हणजे खरं तर आम्हा दोघांना केलं. नेमणूक त्यांची, आणि साबणावर कंगवा फुकट मिळतो तशी मी. तीस मुली, सहावी ते आठवीच्या. त्यांच्या इमारतीच्या एका टोकाला आमचं क्वार्टर, आणि आमच्या स्वयंपाकघराचं एक दार थेट मुलींच्या व्हरांड्यात उघडायचं. ते दार दिवसभर बंद करायचं नाही, असा नियम होता. कुणाचं पोट दुखलं, कुणाची रिबन हरवली, कुणाला आईची आठवण आली, सगळे त्या दाराने आत. माझ्या पोळ्या करपायच्या त्या याच दारापायी. निदान मी तसं सांगायचे.

प्रिन्सिपलसाहेबांनी मला विचारलं होतं, "बच्चों का कुछ अनुभव है?" मी म्हटलं, "जी, पूरा है." पुरा अनुभव म्हणजे एक मुलगा, दहा वर्षांचा, दुधावरची साय खाऊन गोल झालेला. शिवाय मी टपालाने आहारशास्त्राचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. त्याचं प्रमाणपत्र मी फ्रेम करून बैठकीत लावलं होतं, अशा जागी की चहा पिणाऱ्याला मान वळवल्याशिवाय सुटका नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलींची वजनं घ्यायची आणि रजिस्टरात लिहायची, हे हाउस-पेरेंटचं काम. आधीच्या बाई लिहायच्या आणि रजिस्टर कपाटात ठेवायच्या. माझं त्यात समाधान होईना. मी एक भला मोठा ग्राफपेपर आणला, तीस मुलींच्या तीस रेघा तीस रंगांत काढल्या आणि जेवणघराच्या भिंतीवर चिकटवला. कोण वाढतंय, कोण घटतंय, जेवताना समोर दिसलं पाहिजे.

हे चष्मा वर करून बघत राहिले. "हे काय करून राहिली तू?"

"शास्त्रीय नोंद."

"अगं, मुली आहेत त्या, मंडीतला मटार नाही."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमची लॅब सांभाळा.

तिसांतली शेवटची मुलगी जुलैत सहावीत आली, सिहोऱ्याची. वडील तिथले धान्याचे व्यापारी. मुलगी इतकी बारीक की तिची ट्रंक तिच्यापेक्षा जाड वाटावी. वडिलांबरोबर तिची दादीही आली होती. पांढरी साडी, हातात चांदीचं जाड कडं, आणि नजर अशी की पोत्यात हात न घालता गहू कसा आहे ते सांगेल. ती व्हरांड्यात त्या ट्रंकेवरच बसली आणि मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"काए मास्टरनी, आप खाती हो सो तो दिख रओ है. बिटिया खाएगी कि नईं, बो देखने पड़हे."

मुलीचे वडील कसनुसे हसले. "अम्मा का मन नहीं था इसे भेजने का. हमने ज़िद की."

"दिवाली पे तौलेंगे," दादी म्हणाली. "घटी, तो बिटिया घरे."

आता इथे कुठल्याही समजूतदार बाईने काय म्हटलं असतं? काळजी करू नका, आम्ही लक्ष देऊ. पण छत्तिसाव्या वर्षातली मी, माझं प्रमाणपत्र आणि माझा ग्राफ. मी म्हटलं, "माताजी, दिवाली तक दो किलो बढ़ाके दूँगी."

"दो किलो," दादी म्हणाली आणि ट्रंकेवरून उठली. सौदा झाला. त्या दिवशी मुलीचं वजन भरलं सत्तावीस किलो.

या सगळ्यात मुलगी एक शब्द बोलली नव्हती. पुढचे पंधरा दिवसही बोलली नाही. व्हरांड्यातल्या त्या दाराने येऊन माझ्या स्वयंपाकघरात उभी राहायची, मी काय पाहिजे विचारलं की मान हलवायची आणि परत जायची. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी साडेसव्वीस. तीस रेघांमध्ये एकच खाली आलेली, ती तिची. मी तिला जांभळा रंग दिला होता. जेवणघरात कुठेही बसलं तरी तोच दिसायचा.

मग शाळेच्या बँडमध्ये नवी मुलं घेतली. बँडमास्तरांनी बासरीसाठी रांग लावली, तर ही बारकुडी मुलगी रांग सोडून ढोलापाशी जाऊन उभी राहिली. मास्तर म्हणाले, हा तुझ्याने उचलवणार नाही. हिने पट्टा गळ्यात घातला, ढोल उचलला, मागून पाहिलं तर ढोलाला पाय फुटल्यासारखे दिसत होते. पण वाजवला तिने, आणि असा वाजवला की मास्तरांनी बासरीची रांग तशीच सोडली. सव्वीस जानेवारीच्या परेडचा ढोल तिला मिळाला.

त्या दिवशी ती माझ्या दारात आली ती बोलतच आली. "मैडम, ढोल मेरा है! मैडम, २६ जनवरी को सबसे आगे मैं!" मग थांबून तिने विचारलं, "मैडम, दिवाली में अगर दो किलो नहीं बढ़ा, तो?"

"बढ़ेगा कैसे नहीं," मी म्हटलं आणि मेथीचे लाडू वळायला बसले.

माझ्या लाडवांबद्दल इथे थोडं लिहायला हवं. कोर्सच्या पुस्तकात मेथी, अळशी, नाचणी, डिंक, शेंगदाणे, खारीक सगळ्याचे गुण दिले होते. मी म्हटलं, एकेक कशाला, सगळंच घालू. गूळ मात्र बेताने, कारण दात. रोज सकाळी एक आणि शाळेतून आल्यावर एक, असे दोन लाडू मी तिच्या हातात द्यायचे. ती "थैंक्यू मैडम" म्हणायची आणि लाडू घेऊन बागेत जायची. मला वाटायचं, मोकळ्या हवेत खायला आवडतं पोरीला.

सप्टेंबरचा पहिला रविवार. काटा साडेसत्तावीस! एका महिन्यात एक किलो! मी जांभळी रेघ इतक्या जोरात वर काढली की पेन्सिलचं टोक मोडलं.

त्याच आठवड्यात हे लॅबमधून वैतागून आले. "अर्ध्या अर्ध्या किलोची दोन वजनं गायब आहेत. ती लोखंडी चकत्यांची, खाच असलेली. कप्पीच्या प्रयोगाला लागतात."

"नीट बघा, तुमच्याच टेबलाखाली असतील."

"काहून असतील टेबलाखाली? अकरावीच्या पोरांचं काम आहे हे."

मी म्हटलं असेल, आणि दुसऱ्या दिवसाचा डिंक तळायला घेतला.

ऑक्टोबरात काटा साडेअठ्ठावीस. आता मात्र मी जमिनीवर राहिले नाही. मी मुलांच्या हाउसच्या बाईंना लाडवाची कृती लिहून दिली, न मागता. प्रिन्सिपलसाहेबांना गाठून आलेख दाखवला. हाउस-पेरेंट्सच्या मीटिंगमध्ये मी 'बढ़ते बच्चे और पोषण' या विषयावर वीस मिनिटं बोलले. मला पाच मिनिटं दिली होती. माळ्यालासुद्धा मी सोडलं नाही. त्याची बकरी फार तुकतुकीत दिसायला लागली होती, तर मी त्याला म्हटलं, "देखो भैया, तुम्हारी बकरी भी इस हवा में कैसी भर गई." माळी नुसता हसला. आता कळतं काहून हसला ते.

इकडे ह्यांची आणखी दोन वजनं गेली होती. आता चार. ह्यांनी अकरावीच्या पोरांना उभं केलं, कुणी कबूल होईना, म्हणून त्यांची रविवारी सदर बाजारात जायची सुट्टी बंद केली. घरात एकाची वजनं घटत होती, एकीची वाढत होती आणि आम्ही दोघं एकाच टेबलावर बसून जेवत होतो. फिजिक्सचे मास्तर आणि आहारशास्त्राच्या बाई!

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी मी खास वजन घ्यायचं ठरवलं. मंगळवारी दादी येणार होती. सकाळी तीस मुली रांगेत. सिहोऱ्याची मुलगी कुडता-सलवार घालून काट्यावर चढली. काटा बरोबर एकोणतीसवर थांबला. दोन किलो, ना कमी ना जास्त. मी टाळी वाजवली. पोरगी आनंदाने काट्यावरून उडी मारून उतरली आणि तेवढ्यात कुठेतरी 'टक्' असं काहीतरी तुटलं.

मग ठण्ण. ठण्ण. ठण्ण, ठण्ण. चार लोखंडी चकत्या तिच्या कुडत्याखालून फरशीवर पडल्या. पाचवी घरंगळत गेली, जेवणघरभर फिरली आणि माझ्या ग्राफखाली जाऊन आडवी झाली. तिच्यामागोमाग एक तुटका नाडा जमिनीवर आला.

मी रांगेकडे बघितलं. एकोणतीस मुली छताकडे बघत होत्या. म्हणजे अख्ख्या हाउसला माहीत होतं. शेवटी आठवीची मोठी मुलगी म्हणाली, "मैडम, चार तक तो नाड़ा ठीक था. हमने बोला था पाँचवाँ मत डाल."

मी चकत्या गोळा केल्या आणि सिहोऱ्याच्या मुलीला स्वयंपाकघरात घेऊन गेले. रागवायचं ठरवलं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली, डोळे भरलेले, पण मान ताठ.

"लड्डू?" मी विचारलं.

"बकरी को."

"सब?"

"पहला वाला खाया था मैडम, सच्ची." मग हळूच, "बकरी भी पहले-पहले नहीं खाती थी."

"और ये चोरी?"

"बैंड का कमरा लैब के पीछे है. वापस रखने वाली थी. पापा के यहाँ लोग ऐसे ही करते हैं, बोरी में नीचे पत्थर. मैडम, मैं खाती तो हूँ. पूरी चार रोटी खाती हूँ. चढ़ता ही नहीं है." आणि मग ती रडायलाच लागली. "दादी ले जाएँगी. ढोल किसी और को दे देंगे. मैडम, बस एक बार और. परसों, दादी के सामने. फिर कभी नहीं."

आता जे लिहिते ते वाचून सूनबाई मला नातवाजवळ ठेवतील की नाही, देव जाणे. मी उठले, कपाट उघडलं, आणि माझ्या परकराचा नवाकोरा जाड नाडा काढला. तो दुहेरी केला. ओढून पाहिला. आणि पोरीच्या कमरेचं माप घेतलं. होय. पोरीचा ढोल जाऊ नये असं मला वाटत होतं, ते खरंच. पण वीस मिनिटांचं भाषणही माझ्या डोळ्यांपुढे होतं, तेही तितकंच खरं.

नेमके तेव्हाच हे आले. टेबलावर त्यांची पाचही वजनं ओळीने मांडलेली, बायकोच्या हातात नाडा, समोर रडणारी पोरगी. त्यांनी एकेक चकती उचलून कापडाने पुसली.

"आणि मी अकरावीच्या पोरांची सुट्टी बंद केली," ते म्हणाले. मग मला, "वजन वाढलं नाही, एवढं सांगायचं आहे फक्त. त्याले काहून भ्यायचं? भाषण तुझं होतं, पोरीचं नव्हतं."

ते तसेच वजनं घेऊन अकरावीच्या वसतिगृहात गेले. पोरांची माफी मागितली आणि सगळ्यांना सदरला नेऊन खोव्याची जिलबी खाऊ घातली. पोरं म्हणे नंतर कित्येक दिवस विचारत होती, "सर, और कुछ गुम नहीं हुआ?"

मंगळवारी सिहोऱ्याहून एक पिकअप गाडी आली. दादी पुढे बसलेली, मुलीचे वडील मागे, आणि त्यांच्यासोबत दोन हमाल आणि मंडीतला धान्य तोलायचा अख्खा काटा. माझा नाडा मी परत परकरात ओवला होता, याबद्दल त्या क्षणी मी देवाचे जितके आभार मानले तितके लग्नातही मानले नव्हते.

"दूसरे के काँटे पे हमाए इते सौदा नईं होत," दादी म्हणाली.

मी हात जोडले. एका दमात सांगून टाकलं, नाही तर हिंमत गेली असती. "माताजी, वज़न नहीं बढ़ा. आधा किलो घटा है. मैंने बिना सोचे बोल दिया था. लड़की खाती है, दौड़ती है, बीमार नहीं पड़ी. ग़लती मेरी है." वजनांची गोष्ट मी सांगितली नाही. ती आमच्या घरातली गोष्ट होती.

दादीने ऐकून घेतलं आणि हमालांना हात केला. काटा अंगणात उतरला. मुलगी चढली. साडेसव्वीस. दादीने तिचा दंड दाबून पाहिला, मनगट पाहिलं, ढोलाच्या काड्यांनी पडलेले तळहाताचे घट्टे अंगठ्याने चाचपले. मग माझ्याकडे वळली.

"अब आप चढ़ो मास्टरनी."

"मैं?"

"हओ, आप."

तीस मुली, दोन हमाल, माळी आणि माझा नवरा यांच्यासमोर मी धान्याच्या काट्यावर चढले. अडुसष्ट.

"लो," दादी म्हणाली, "पता चल गओ, खाना किते जा रओ है."

हमालसुद्धा हसले. हे तर खांबाआड गेले. मीही हसले असते, पण दादीचा पुढचा शब्द ऐकून थांबले. "सामान चढ़ाओ."

दिवाळीला मुली घरी जाताना पिशवी नेतात. ट्रंक हाउसमध्येच राहते. ट्रंक गेली म्हणजे मुलगी गेली. हमालांनी ट्रंक उचलली, तशी ती मुलगी, जी जुलैत तोंड उघडत नव्हती, ट्रंकेच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"मैं वापस आऊँगी."

"देखहें."

"देखना नहीं है दादी. ढोल मेरा है. मास्टर साब ने मुझे दिया है. आप कितना भी तौल लो."

तिच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. त्या घरात दादीला उलटून बोललेलं माणूस बहुधा अजून जन्मायचं होतं. दादी तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"इत्तो बोलबो कोन ने सिखाओ ईखों?"

ट्रंक गाडीत चढली. मुलगी चढली. गाडी फाटकाबाहेर गेली.

ती दिवाळी माझी कडू गेली, आणि यावेळी मेथीचा दोष नव्हता. बँडमास्तरांनी विचारलं, "मैडम, दूसरी लड़की देख लूँ?" मी म्हटलं, भाऊबीजेनंतर शाळा उघडेपर्यंत थांबा. ते म्हणाले, परेडला दिवस कमी आहेत. मी म्हटलं, तरी थांबा.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळपासून मुली येत होत्या. त्या दाराने आत, फराळाचे डबे, गळ्यात गळे, गोंगाट. मी मोजत होते. दुपारपर्यंत सत्तावीस. चारला एकोणतीस. हे दोनदा येऊन मला म्हणाले, "चहा घे." मी काही घेतला नाही. बँडमास्तरही व्हरांड्यात येऊन उगाच नोटीसबोर्ड वाचून गेले.

पाचच्या सुमाराला फाटकापाशी सायकल-रिक्षा थांबली. वर ट्रंक, ट्रंकेवर मुलगी, आणि बाजूला तिचे वडील, सिहोऱ्याच्या बसमध्ये रात्रभर बसल्यासारखा चेहरा. खरं तर सिहोरा काही इतकं लांब नाही.

मुलगी उतरली आणि धावत सुटली. मला नमस्ते नाही, काही नाही. थेट बँडच्या खोलीकडे.

"मैडम, सँभालिए," तिचे वडील म्हणाले आणि पायरीवरच बसले. "दस दिन. थाली, परात, कनस्तर, गोदाम का दरवाज़ा, जो मिला बजाया. लक्ष्मीपूजन के दिन पंडितजी मंत्र भूल गए. कल अम्मा ने ख़ुद ट्रंक बँधवाई."

"माताजी ने कुछ कहा?"

"कहा, मास्टरनी को बोल देना, जो लड़की इत्ता हल्ला कर सकती है, उसको कोई बीमारी नहीं है." ते जरा थांबले. "और कहा, छब्बीस जनवरी को आगे की कुर्सी रखना."

मी आत गेले आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. बँडच्या खोलीतून ढोल सुरू झाला. स्वयंपाकघरातल्या कपबशा हलायला लागल्या. मी बाहेर येऊन म्हटलं, भाईसाहब, घाई असेल तुम्हाला, परतीची बस सहाला आहे.

ते खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. ढोल चांगला शंभर पावलं दूर होता.

"नहीं मैडम," ते म्हणाले, "बड़ी शांति है यहाँ. बाद वाली से जाऊँगा."